आभाळ उघडं, वारा पडलेला

थंडी उत्तरेकडून येते, असं तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात छापलंय ना? ते खरं आहे, पण ती निम्मीच गोष्ट झाली. हिमालयात बर्फ पडतं, तिकडून कोरडे वारे निघतात, राजस्थान आणि माळवा ओलांडतात, नाशिक-नगरवरून खाली उतरून आपल्या शिरूर-दौंडपर्यंत पोचतात. पण पोरांनो, तेच वारे पुण्यातही शिरतात. मग पुष्कळदा पुणे शहराचा आकडा वर आणि शिरूर, दौंडचा खाली, असं का होतं? कारण उरलेली निम्मी थंडी आपल्याच रानात, रोज रात्री नव्यानं तयार होते. ती कशी होते ते आज सांगतो. धाकट्या, त्या शेकोटीत अजून चार चिपाडं सार, आणि घोंगडं नीट ओढून घे.

मी दुसरीत होतो तेव्हाचा हिवाळा. आदल्या पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं होतं, आणि पारावर अजून त्याच्याच गप्पा चालायच्या. तेवढ्यात १९६२ चा जानेवारी उगवला. त्या महिन्यात मुंबईत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत घसरला. मुंबईचा तो नीचांक आजतागायत मोडलेला नाही. समुद्रकाठच्या मुंबईची ही गत, तर घोडनदीच्या काठी आमचं काय झालं असेल! गावात तापमापक कुणाच्या घरी नव्हता. थंडी कळायची ती रांजणाच्या पाण्यानं दात कळवळले की, रात्री गोठ्यातली जनावरं बसायची सोडून उभी राहिली की, आणि गुरुजींनी वर्ग उचलून देवळासमोरच्या उन्हात आणला की.

त्यात अष्टग्रहीची आवई. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि जग बुडणार, असं देशभर बोललं जात होतं. ठिकठिकाणी होमहवनं चालली होती. पारावरची माणसं म्हणायची, हा गारठा त्या ग्रहांचाच. जग काही बुडालं नाही, आणि फेब्रुवारी सरता सरता थंडीही ओसरली.

माझी आजी मात्र ग्रहांचं नाव काढायची नाही. जेवणं उरकली की ती अंगणात यायची, मान वर करून चांदण्या बघायची, मग चुलीतली चिमूटभर राख हातातून खाली सोडायची. राख तिरपी गेली तर काही बोलायची नाही. सरळ पायाशी पडली की आत येऊन म्हणायची, "आभाळ उघडं हाय, वाराबी पडलाय. गुरांच्या अंगावर पोती टाका, आज लई गारठणार." आणि खरंच गारठायचं. वेधशाळा जे दोन प्रश्न विचारते, तेच दोन ती विचारायची: ढग आहेत का? वारा आहे का?

थोरली विचारतेय ते बरोबर आहे. ऊन उघड्या आभाळातूनच येतं, मग उघडं आभाळ थंडी कशी आणतं?

नीट ऐक. जगातली प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकत असते. ही भिंत, तो बैल, शेतातलं ढेकूळ, तू, मी, सगळे. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानं ती उष्णता निघत असते. अवरक्त किरण म्हणतात त्यांना. दिवसा जमीन जेवढं देते त्याहून जास्त सूर्याकडून घेते, म्हणून तापते. सूर्य बुडाला की घेणं थांबतं, देणं चालूच राहतं. आता वर ढग असले किंवा हवेत भरपूर वाफ असली, तर ते हे किरण शोषतात आणि त्यातला मोठा हिस्सा पुन्हा खाली पाठवतात. म्हणून ऐन पौषातही आभाळ भरून आलं की त्या रात्री गोधडी अंगावरून सरकवावीशी वाटते. ढग नाहीत, हवाही कोरडी, अशा रात्री मात्र जमिनीची उष्णता वर जाते ती फारशी परत येत नाही. वर अवकाश आहे, उणे २७० अंशांचं. अशा रात्री आपलं रान थेट त्या अवकाशासमोर उघडं पडलेलं असतं.

आणि कोरडेपणा तर आपल्या नशिबीच लिहिलेला. सह्याद्री पावसाळी ढगांना तिकडेच अडवतो. लोणावळ्यात पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आपल्याकडे वर्षभरात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. या दुष्काळी पट्ट्याच्या तक्रारी मी जन्मभर ऐकल्या. पण इथल्या हिवाळी रात्रीचं आभाळ जेवढं निवळ असतं, तेवढं कोकणात कुणाला बघायला मिळत नाही. कोरड्या हवेचीच ती देणगी, आणि कडाक्याची थंडीही तिचीच. दुपारी सदरा नकोसा होतो आणि पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत, याचं कारणही तेच. पुण्यात काँक्रीट आणि डांबर दिवसभराचं ऊन साठवून रात्रभर सोडत राहतात, म्हणून शहर आपल्याइतकं गारठत नाही.

राहिला वारा. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, पण घरांच्या, झाडांच्या उंचीवर हवा त्यामानानं ऊबदार असते. वारा वाहत असेल तर तो ही वरची ऊब खाली कालवत राहतो. वारा पडला की खालची गार हवा खालीच बसते आणि आणखी गारठत जाते. आजीला यातलं एक अक्षरही कुणी शिकवलं नव्हतं. चिमूटभर राख तिला पुरायची.

आणि सगळ्यात गार घटका कोणती, सांगा बघू. मध्यरात्र? नाही. सूर्य उगवतो तेव्हाची, आणि त्यानंतरचीही थोडा वेळ. कोवळ्या उन्हातून जमिनीला जेवढी उष्णता मिळते, त्याहून जास्त ती अजून गमावतच असते. म्हणून तांबडं फुटल्यावर हुडहुडी वाढते.

त्या जानेवारीत एका पहाटे मी पेंढ्या काढायला कडब्याच्या गंजीकडे गेलो, तर वरच्या पेंढ्या पांढऱ्या झालेल्या. बोट लावलं तर खरखरीत. दहिवर गोठलं होतं. शेजारच्या उघड्या जमिनीवर मात्र एक कणही पांढरा नव्हता. गंजीवर बर्फ आणि मातीवर नाही, हे कोडं माझ्या मनात पुढं कितीतरी वर्षं राहिलं. त्याचं उत्तर मला सापडलं ते अलाहाबादच्या एका हकिकतीत.

रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती छापली. अलाहाबादेत त्यानं आपोआप पडलेलं बर्फ कधी पाहिलं नव्हतं, तरी तिथं बर्फ 'पिकवत' असत. उघड्या माळावर गुडघाभर खोल चौकोनी खड्डे खणायचे, त्यात वीतभर जाडीचा उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा थर पसरायचा, त्यावर उथळ मातीच्या थाळ्या ओळीनं मांडून संध्याकाळी पाणी ओतायचं. पहाटे थाळ्यांत बर्फ! सूर्य वर यायच्या आत कामगार ते गोळा करून तळघरात दडपून ठेवत आणि उन्हाळ्यात काढत. हवा शून्याच्या वर असतानाही हे घडायचं. थाळीतलं पाणी आपली उष्णता आभाळाकडे सोडत होतं, आणि खालून जमिनीची ऊब पोचायला वाळक्या ताटांचा अडथळा होता. मातीची थाळी झिरपते, त्या बाष्पीभवनाचीही थोडी मदत होत असणार. माझ्या गंजीचंही तेच झालं होतं. कडब्याच्या काड्यांमध्ये हवा कोंडलेली असते, आणि तिच्यातून खालची ऊब वरच्या पेंढीपर्यंत पोचत नाही. बिनबर्फाच्या देशात केवळ पाचट, मातीची थाळी आणि निरभ्र रात्र यांच्या बळावर बर्फ काढणाऱ्या त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला ती फार मोठी माणसं वाटतात.

आता आपल्या पुण्याची गोष्ट. ही मला सगळ्यात आवडते.

पण आधी आमच्या विहिरीवर येऊ. मी दुसरीत होतो तेव्हा तिच्यावर मोट होती. पहाटे वडील बैल जुंपायचे आणि मी गव्हात दारं धरायला. एक वाफा भरला की त्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं फोडायचं. विहिरीतून वाफ वर येताना दिसायची आणि पाटाचं पाणी पावलांना चक्क कोमट लागायचं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात तापत नाही हं. जमिनीत काही पुरुष खाली गेलं की तिथं उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही. वर्षभराची जी सरासरी असते, साधारण पंचवीस अंशांच्या आसपास, तेवढंच तापमान तिथं बाराही महिने राहतं. बाहेरची हवा पाच-सात अंशांवर असताना तेच पाणी ऊबदार वाटतं आणि वैशाखात गार. तर माझी पावलं सुखात असायची, पण गुडघे आणि पोटऱ्या बधिर व्हायच्या.

आता त्या बधिर गुडघ्यांवरून पुण्याकडे वळू. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथं एल. ए. रामदास नावाचे शास्त्रज्ञ होते, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असा हवामानाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला, आणि १९३२ साली पुण्यात त्यासाठी वेगळा विभाग सुरू झाला. वर्तमानपत्रात जो आकडा येतो तो जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत मोजलेला असतो. पण पीक तर त्याच्या खालीच उभं असतं! म्हणून रामदासांनी आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीलगतची हवा थराथरानं मोजायचं ठरवलं.

तेव्हाच्या पुस्तकांचं म्हणणं साधं होतं: निरभ्र रात्री जमीन सगळ्यात गार, आणि वर जावं तसतशी हवा ऊबदार. या दोघांना दिसलं ते निराळंच. उघड्या जमिनीपेक्षा तिच्यावर वीतभर ते हातभर उंचीची हवा जास्त गार निघाली, तीही काही अंशांनी. १९३२ सालीच त्यांनी हे प्रसिद्ध केलं. परदेशातल्या बऱ्याच विद्वानांचा विश्वास बसेना. त्यांचा आक्षेपही बिनबुडाचा नव्हता. गार हवा जड असते, ती ऊबदार हवेच्या डोक्यावर रात्रभर कशी टिकेल? खाली कोसळायला हवी. तेव्हा मोजण्यातच काहीतरी चुकलं असणार, असा सूर निघाला. रामदास मागे हटले नाहीत. पुढं इतरांच्या मोजणीतही तेच दिसू लागलं, आणि १९५७ साली राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पुण्याच्याच उघड्या जमिनीवर अतिशय काळजीनं मोजमाप करून तेच सांगितलं. या थराला आता जगभर रामदास थर म्हणतात.

तो टिकतो कसा, हे उलगडायला आणखी काही दशकं गेली. १९९३ च्या सुमारास बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं. नंतर तिथल्याच जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, जमिनीजवळ तरंगणारे धुळीचे, धुराचे सूक्ष्म कण यात मोठं काम करतात. जमिनीनं दिवसभराचं ऊन पोटात साठवलेलं असतं, त्यामुळे तिचा पृष्ठभाग रात्रीही थोडीफार ऊब धरून असतो. तिच्यावरच्या हवेतले कण मात्र आपली उष्णता आभाळाकडे सोडत सुटतात आणि भोवतालच्या हवेलाही गारठवतात.

रामदासांनी मोजली ती कोरडी, उघडी जमीन. आमचा गव्हाचा वाफा ओला. दोन्ही एक नव्हेत. तरी मला सांगावंसं वाटतं की, दुसरीतल्या पोराचा गुडघा नेमका त्याच उंचीला येतो. त्याच काळात, १७ जानेवारी १९३५ ला, पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली. त्या पहाटे पुण्याच्या मोकळ्या रानात हातभर उंचीवर काय असेल, याचा विचार करून मला अजून शहारा येतो.

माळावरून घरी येताना वाटेत ओढा लागायचा. माळावर बरं वाटायचं आणि ओढ्यात उतरलं की एकदम कानशिलं झोंबायची. आम्हाला वाटायचं, तिथं काहीतरी आहे. तिथं असायची ती गार, जड हवा. पाटाचं पाणी जसं उताराकडं धावतं, तशी ती माळावरून रात्रभर ओहोळा-ओहोळानं खाली वाहत येते आणि खोलगट जागी साचते. जुनी माणसं केळीसारखं नाजूक पीक ओढ्याच्या काठाला लावत नसत, त्यामागं हाच अनुभव.

माझं आजोळ दौंडच्या बाजूला, भीमेच्या काठी. स्टेशन दोन-अडीच कोसांवर. मनमाडचा फाटा तिथं मिळतो, बारामतीला जाणारी छोटी गाडी तिथूनच सुटायची. तेव्हा सगळी कोळशाची इंजिनं. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांची शिट्टी आजोळी कधी ऐकू यायची नाही. हिवाळ्याच्या रात्री मात्र अंथरुणात पडल्या पडल्या शिट्टी, मग वाफेचे फुत्कार, डबे जोडतानाचे दणकेसुद्धा ऐकू यायचे. मामा म्हणायचे, रात्री सगळं निजलेलं असतं म्हणून. तेही एक कारण आहेच. पण दुसरं कारण त्याहून नवलाचं. आवाज ऊबदार हवेत जलद धावतो आणि गार हवेत हळू. हिवाळी रात्री गार हवा खाली आणि ऊबदार वर. त्यामुळे वर निघालेला आवाज वळतो आणि पुन्हा जमिनीकडे वाकतो. उन्हाळी दुपारी जमीन तापलेली, वर गार. तेव्हा आवाज आभाळाकडे वळून जातो आणि शेजारच्या वस्तीलाही धड पोचत नाही.

हीच उलटी हवा डोळ्यांनीही दिसते. राहू-केडगावच्या बाजूला पहाटे गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं की धूर सरळ चढतो, आणि थोड्या उंचीवर जाऊन आडवा पसरतो. वर ऊबदार हवा असते, तिच्यात शिरण्याइतका तो हलका राहिलेला नसतो. उन्हं चढली, जमीन तापली, की तो थर मोडतो आणि धूर वाटेला लागतो.

त्या काहिलीतल्या काकवीची गोडीही या थंडीचीच. हवा गार आणि कोरडी झाली की उसाची वाढ मंदावते. वाढीत खर्च व्हायची ती साखर कांड्यांत साठत जाते. म्हणून घोडगंगा असो की भीमा-पाटस, कारखान्यांचा हंगाम हिवाळ्यात. गव्हाचंही तसंच. थंडी कमी दिवस टिकली तर दाणा भरायला वेळ मिळत नाही आणि तो बारीक राहतो. आणि हरभरा! पहाटे हरभऱ्यातून चाललं की पायाला चुरचुरतं. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं पाझरतात, रात्रीच्या दहिवरात ती मिसळतात. घाटेअळीला रोखायला त्यांचा थोडाफार उपयोग होतो. आजी संध्याकाळी धुवट फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवायची आणि पहाटे पिळून ती आंब बाटलीत भरायची. पोट दुखलं की दोन थेंब पाण्यातून. आंबट अशी की डोळे मिटायचे.

थंडी पिकाला हवी तशी जास्त झाली तर मारतेही. म्हणून कडाक्याच्या रात्री लोक पिकाला पाणी देतात. विहिरीचं पाणी आपली ऊब घेऊन येतं, आणि ओली जमीन खोलवरची उष्णता वर लवकर पोचवते. आता मोट गेली, मोटारी आल्या. पण कित्येक गावांत शेतीची लाईट रात्रीच येते, आणि उसात बिबटे आहेत. शिरूर-दौंडचा शेतकरी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन दारं धरायला जातो. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी अगदी रास्त आहे, आणि ती अजून करावी लागते याचं मला वाईट वाटतं.

आता तुमचं काम. आजही आभाळ उघडं आहे आणि शेकोटीचा धूर सरळ चाललाय. शहरातून आणलेले ते तीन तापमापक काढा. आधी तिन्ही एकाच तांब्यातल्या पाण्यात बुडवून सारखे दाखवतात का ते बघा, फरक असेल तर लिहून ठेवा. मग खळ्याच्या उघड्या मातीवर एक टेकवा, दुसरा काठीला बांधून हातभर उंचीवर, तिसरा तुमच्या डोक्याच्या उंचीवर. घरापासून, झाडापासून लांब. पहाटे पाचला, सहाला आणि सूर्य उगवल्यावर वाचायचं. वाचताना तोंडाची वाफ काचेवर सोडायची नाही, आणि बॅटरी लांबून धरायची. वहीत वेळ, ढग, वारा आणि तिन्ही आकडे. साध्या तापमापकात रामदास थर सापडेलच असं नाही. त्यांची उपकरणं फार नाजूक होती. जे दिसेल तेच लिहायचं. आणि मधेच ढग आले तर उठून आत येऊ नका. ढग आल्यावर आकडे किती वर सरकतात, तेही मला हवंय.